स्कुबाचं सामान घेऊन विमानानं जाताना: परतीच्या तिकिटापासून उलटं मोजा

जालन्याच्या मोंढ्यात माझ्या मामेभावाची आडत आहे. पहिल्यांदा डायव्हिंगची बॅग मी तिथल्याच काट्यावर ठेवली, सोयाबीनच्या दोन पोत्यांच्या मधे. बॅगेतून नळ्या लोंबत होत्या. मापाडी मामांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "ताई, फवारणीचा पंप का?"

"नाही मामा. ह्यात हवा भरायची आणि पाण्यात उतरायचं."

"विहिरीत?"

काटा १४ किलो २०० ग्रॅमवर थांबला. मर्यादा १५ किलोंची, म्हणजे मी खूश. जाताना काही अडचण आलीच नाही. आठ दिवसांनी परतताना विमानतळावरच्या काट्यानं तीच बॅग १७ किलो ६०० ग्रॅम दाखवली. मी एक शंखसुद्धा उचलला नव्हता. वाढलेलं वजन होतं पाण्याचं: वेटसूटमधलं (पाण्यात घालायचा रबरी सूट), बुटांतलं, बीसीडीच्या (हवा भरून तरंगायचं जाकीट) पट्ट्यांच्या स्पंजातलं. त्या पाण्याचं भाडं भरून मी घरी आले.

तेव्हापासून मी सगळं उलट्या बाजूनं मोजते. आधी परतीचं विमान, मग शेवटची डाइव्ह, मग सामान वाळायला किती वेळ, आणि सगळ्यात शेवटी बॅगेत काय भरायचं. पुढचं सगळं त्याच क्रमानं आहे.

परतीचं विमान आणि शेवटची डाइव्ह

डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, हे कोर्समध्ये सगळ्यांना शिकवतात आणि तिकीट काढताना निम्मे लोक विसरतात. खोल पाण्यात दाबामुळं नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू, तासातासानं बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्याएवढा नसतो. ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दाब असा उतरला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, कारण नसताना प्रचंड थकवा, ही त्याची लक्षणं. यातलं काही जाणवलं तर तिकीट गेलं तरी चालेल, विमानात चढायचं नाही. डाइव्ह सेंटरला सांगायचं, ऑक्सिजन लावून घ्यायचा आणि डॉक्टर गाठायचा.

जगभर मानलेला किमान हिशेब असा: डीकॉम्प्रेशनची, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना मधे थांबण्याची, गरज नसलेली एकच डाइव्ह केली असेल तर १२ तास थांबा. एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. डीकॉम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरेच जास्त. मी सरसकट २४ धरते, आणि त्यामागं तब्येतीइतकंच वेटसूटचंही कारण आहे. ते पुढं सांगते.

आपल्या भागातल्या लोकांसाठी यात एक जास्तीची मेख आहे. तारकर्लीला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला डाइव्ह करून बरेच जण गाडीनंच परततात आणि विमान नाही म्हणून निर्धास्त असतात. पण वरचे तास मुळात साधारण २,००० फुटांच्या वर जाण्यासाठीच ठरवलेले आहेत, आणि आंबोली त्याहून उंचावर आहे. आपलं संभाजीनगरसुद्धा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट, असं करू नका. रात्र किनाऱ्यावरच काढा, मासे खा, सकाळी निघा.

तिकीट काढताना

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीला साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं, असं धरून चाला. तिकिटाच्या प्रकारानुसार हे बदलतं. सगळ्यात स्वस्त तिकिटात कधी चेक-इन बॅगच नसते, म्हणून आकडा आपल्याच तिकिटावर वाचायचा. मित्राच्या तोंडचा आकडा मागच्या वर्षीचा असतो. 'खेळाचं साहित्य' म्हणून काही कंपन्या वेगळी सोय किंवा वेगळं शुल्क ठेवतात. तेही तिकिटाआधी बघून घ्या.

वजन आणि नग हे दोन वेगळे नियम आहेत, आणि लोक इथंच फसतात. एका माणसाला एकच बॅग अशी अट असेल तर आठ आणि सहा किलोंच्या दोन बॅगा नेल्यावर दुसरीचे पैसे पडू शकतात, दोन्ही मिळून चौदाच किलो भरल्या तरी. सगळं एकाच लांबट डफलमध्ये मावत असेल तर उत्तम. कुठलीही एक बॅग ३२ किलोंच्या वर न्यायची नाही, तुम्ही कितीही पैसे भरायला तयार असलात तरी. ती उचलणाऱ्या माणसाच्या कंबरेसाठी केलेला हा नियम आहे.

जास्तीचं वजन लागणार हे आधीच दिसत असेल तर ते घरूनच, तिकिटाबरोबर किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशीपर्यंत ऑनलाइन घ्या. तीन, पाच, दहा किलो अशा टप्प्यांत मिळतं आणि काउंटरवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. मी जाताना घेत नाही, लागलंच तर परतीला पाच किलो घेते. नवरा-बायको किंवा मित्र एकाच पीएनआरवर असतील तर दोघांचं वजन बहुतेक वेळा एकत्र धरतात, पण हे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडू नका, कंपनीला आधी विचारा.

चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून मुंबई, तिथून चेन्नई किंवा कोलकाता, मग अंदमान, असा प्रवास असेल तर सगळं एकाच पीएनआरवर घ्या. बॅग इथं टाकली की थेट तिकडं निघते. वेगवेगळी तिकिटं काढली तर मुंबईत बॅग उचलायची, पुन्हा रांगेत लागायचं, पुन्हा वजन. दोन कंपन्यांची मर्यादा वेगळी असेल तर लहान आकडा खरा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: देवगिरी किंवा नंदीग्रामनं रात्रीतून मुंबई, आणि विमान तिथून पुढं. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायरला ४० किलो सामान फुकट नेता येतं. बॅगेकडं कुणी बघतही नाही. फक्त रेल्वे उशिरा आली तर विमान थांबत नाही, त्यामुळं मधे सहा-सात तास तरी ठेवा.

शेवटचा टप्पा सगळे विसरतात. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी बोटींनाही सामानाची मर्यादा असते. २०१८ पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण तिकीट विकणारे दोन्ही नावं लावतात. लक्षद्वीपला अगत्तीला उतरणारी विमानं छोटी असतात, तिथं वजनाचा काटेकोरपणा जास्त. साखळीतली सगळ्यात लहान मर्यादा शोधा आणि बॅग तिच्यासाठी भरा.

काय न्यायचं

सिलिंडर आणि शिशाची वजनं न्यायची नाहीत. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामासुद्धा चौदा किलोंच्या घरात भरतो, म्हणजे तुमची मर्यादा तिथंच संपली. भरलेला तर विमानात चालतच नाही. छोटी आणीबाणीची हवेची बाटलीही भरलेली चालत नाही. हे सगळं डाइव्ह सेंटरकडं मिळतं आणि भाड्यात धरलेलं असतं.

बाकी सामान विकत घ्यायचा माझा क्रम असा: आधी मास्क, मग कॉम्प्युटर (मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजणारा), मग रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा), आणि वेटसूट-फिन्स (पायाला लावायचे पंख) त्यानंतर. बीसीडी सगळ्यात शेवटी. मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्याला वेगळा बसतो. भाड्याचा गळका मास्क अख्खी सहल खराब करतो, आणि त्याचं वजन अर्धा किलोही नाही. कॉम्प्युटर तुमच्या आधीच्या डाइव्ह लक्षात ठेवतो, म्हणून तो स्वतःचा हवा. रेग्युलेटर तोंडात धरायचा असतो, एवढंच कारण पुरे. बीसीडी मात्र तीन-साडेतीन किलोंची आणि भाड्याची बहुतेक ठिकाणी बरी असते. वर्षातून एकदाच जाणाऱ्यानं ती नेऊ नये, असं माझं मत. मी नेते, कारण घेऊन बसले आहे.

मोंढ्यातल्या काट्यावर माझं सामान असं भरलं. बीसीडी ३.२ किलो, फिन्स १.८, तीन मिलिमीटरचा वेटसूट १.६, बूट ०.८, सिग्नलचा फुगा आणि रीळ ०.७, चाकू आणि अवजारं ०.४, डफल १.३. हे झाले ९.८. कपडे, टॉवेल, साबण, सुपारीसकट ४.४. एकूण १४.२. डायव्हिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या चाकांच्या बॅगा दिसायला देखण्या असतात, पण त्या स्वतःच चार-पाच किलो खातात. साधी, मजबूत, झिपची डफल घ्या. अंदमानचं पाणी २७ ते २९ अंश असतं, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. पाच मिलिमीटरचा नेऊ नका, जड होतो आणि वाळतही नाही.

सेंटरला आधी एकच गोष्ट विचारा: सिलिंडरची तोटी योक पद्धतीची की डिन? तुमचा रेग्युलेटर दुसऱ्या पद्धतीचा असेल तर अॅडॅप्टर लागेल. मूठभर पितळ आहे, पण ते घरी राहिलं तर तीन किलोंचा रेग्युलेटर फिरवून आणल्यासारखं होतं.

हातातल्या बॅगेत

चेक-इन बॅग हरवली तरी डाइव्ह करता आली पाहिजे, या हिशेबानं हातातली बॅग भरा. माझ्या सॅकमध्ये रेग्युलेटर, मास्क, कॉम्प्युटर, टॉर्च, केसिंगसह कॅमेरा आणि सुट्या बॅटऱ्या असतात. सॅकसकट ६.३ किलो. रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वळशात गुंडाळा. जिथं नळी धातूला जोडते तिथं ती मुडपू देऊ नका. पहिल्या टप्प्याची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, धूळटोपी घट्ट बसवा.

कॅमेऱ्याच्या पाणबंद केसिंगचं मुख्य रबरी कडं काढून वेगळं ठेवा. कडं लावून बंद केलेलं केसिंग हवेच्या दाबातल्या फरकानं असं चिकटून बसतं की बेटावर उघडायला दोन माणसं लागतात. याच कारणानं बीसीडीतली हवाही जवळजवळ सगळी काढून ठेवायची, कारण आत राहिलेली हवा वर गेल्यावर फुगते.

चाकू, दोरी कापायची कात्री, पाने, स्क्रू-ड्रायव्हर हे सगळं चेक-इनमध्ये, म्यानात घालून. माझा छोटा रेझरचा कटर एकदा सॅकच्या खिशात राहिला आणि सुरक्षा तपासणीच्या डब्यात गेला. तो परत मिळत नाही.

बॅटऱ्या

हा भाग सावकाश वाचा. इथं चुकलात तर दंड किलोचा नसतो, विमानच चुकतं.

सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक कधीही चेक-इन बॅगेत टाकायची नाही. कायम हातात. मुंबईत बॅग आत गेल्यावर मशीन ती हेरतं, तुमच्या नावाचा पुकारा होतो, तुम्हाला बोलावून बॅग उघडवतात, आणि तिकडं बोर्डिंग सुरू असतं.

किती मोठी चालते ते वॉट-अवरवर ठरतं. व्होल्ट गुणिले ॲम्पियर-अवर, एवढाच हिशेब. टॉर्चची नेहमीची १८६५० सेल ३.६ व्होल्ट आणि ३.४ ॲम्पियर-अवरची असेल तर १२ वॉट-अवर. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये कंपनीची मंजुरी लागते आणि सुट्या दोनच, १६० च्या वर प्रवासी सामानात बंदी. सेलवर फक्त मिलिॲम्पियर-अवर छापलेलं असतं, हजारानं भागा. मी प्रत्येक सेलवर आकडा मार्करनं लिहून ठेवला आहे, कारण रांगेत उभं राहून गुणाकार करायची वेळ येऊ नये. सेलची दोन्ही टोकं चिकटपट्टीनं झाका किंवा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

डायव्हिंगची ताकदवान टॉर्च हवेत चालू राहिली तर प्रचंड तापते, म्हणून तिला विमानाच्या नियमांत वेगळी जागा आहे: कंपनीची परवानगी घ्यायची आणि बॅटरी किंवा दिवा काढून ठेवायचा, म्हणजे चुकून पेटणार नाही. परवानगी ईमेलवर मागा आणि उत्तराचा छापील कागद जवळ ठेवा. काउंटरवर फोनमधला स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा कागद पुढं केला की बोलणं लवकर संपतं, हा माझा अनुभव आहे.

अजून एक. परदेशातल्या मित्रानं सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र भेट दिलं असेल तर ते घरीच ठेवा. आपल्याकडं ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर लोकांना त्यावरून ताब्यात घेतलेलं आहे.

तपासणीच्या रांगेत

चिकलठाण्याला रोज कोण रेग्युलेटर नेणार? एक्स-रेच्या पडद्यावर नळ्या, पितळ आणि घड्याळासारखा दाबमापक, असं एकत्र दिसलं की जवान सॅक बाजूला ढकलतोच. रागवू नका. सॅक स्वतः उघडू नका, तो सांगेल तेव्हा उघडा. रेग्युलेटर सगळ्यात वर ठेवलेला असेल तर काम दोन मिनिटांचं. मला एकदा "ये क्या है?" म्हणून विचारलं, मी तोंडात धरून श्वास घेऊन दाखवला. जवान हसला आणि मागच्या माणसाला बोलावून मला तेच पुन्हा करायला लावलं. डायव्हिंगचं कार्ड जवळ ठेवा, आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचा.

बॅग टाकण्याआधी बॅगेचा, तिच्यातल्या सामानाचा आणि टॅगचा फोटो काढा. परदेशी निघाला असाल तर महागड्या सामानासाठी जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, अनुक्रमांकांसह. परतताना 'हे बाहेरून घेतलंत' असा प्रश्न आला तर तोच कागद उपयोगाचा.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अर्ज, भरा आणि क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. कंपनी दाद देत नसेल तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे. नुकसानभरपाईला वरची मर्यादा असते आणि ती चांगल्या रेग्युलेटरच्या किमतीला पुरेलच असं नाही. म्हणून तर तो हातात.

परतीचा दिवस

आता त्या २४ तासांचं. शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळची करा, दुपारची नको. मग दुपारभर सामान धुवायला आणि वाळायला मिळते. उडता न येण्याचे तास हेच सामानाच्या दोरीचेही तास.

धुणं सेंटरवरच उरका, गोड्या पाण्याच्या टाकीत, आणि मन लावून. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यात वेटसूट भिजवत बसले तर सासूबाई काय म्हणतील ते लिहीत नाही. बोअरचं पाणी जड. त्यात बुडवलं तर समुद्राचं मीठ जातं आणि आपले क्षार बसतात. बीसीडीच्या आत नळीनं गोडं पाणी सोडा, हलवा, उलटी करून खालच्या झडपेतून काढा, पुन्हा एकदा तसंच करा. आत राहिलेलं अर्धा लिटर पाणी म्हणजे काट्यावरचा अर्धा किलो. रेग्युलेटर धुताना धूळटोपी लावलेली असावी आणि पर्जचं (तोंडाजवळचं, हवा सोडायचं) बटण दाबू नये, नाहीतर पाणी आत शिरतं.

वेटसूट आधी उलटा करून सावलीत टांगा, तासाभरानं सुलटा. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहिलं की बरंच पाणी निघतं. बूट पंख्याखाली. रात्री बोट किंवा विमान असेल तर वेटसूट प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता सैल घडी करून सगळ्यात वर ठेवा.

बेटावर आडत नसते. हुकाला बॅग लटकवून बघायचा छोटा डिजिटल काटा सोबत न्या. शंभर ग्रॅमचा तो काटा तीन किलोंचे पैसे वाचवतो. निघायच्या आदल्या रात्री वजन करा. पंधराच्या वर गेलं तर ओले बूट पायात घाला, जाकीट अंगावर, किंवा फोन काढून जास्तीचं वजन तिथंच विकत घ्या. मागच्या खेपेला मी १५ किलो १०० ग्रॅमवर अडकले आणि शेवटी साबण, शाम्पू आणि अर्धी चिवड्याची पिशवी खोली साफ करणाऱ्या मावशींना देऊन आले.

घरी आल्यावर सामान गच्चीवर टाकू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. त्या उन्हात वेटसूटचं निओप्रीन कडक होतं आणि मास्कचं सिलिकॉन पिवळं पडतं. वेटसूट रुंद खांद्याच्या हँगरला अंधाऱ्या खोलीत टांगा. बीसीडीत थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे आतली पिशवी स्वतःला चिकटणार नाही. टॉर्चमधल्या सेल काढून ठेवा. मास्क त्याच्या डबीत, आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर. आमच्याकडं तो एकदा कांदे चिरायला वापरला गेला आहे.